ग्राउंडर दरवेळी सुटतोच कसा? इनफिल्डचं जुनं दुखणं आणि कोच मंडळींची दुरुस्ती

बेसबॉलमध्ये तक्रार नेहमी एकच असते. पिचिंग बरं चाललंय, दोन आउट झालेत (तिसरा झाला की आपली बॅटिंग), बॅटरने शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरकडे, अगदी साधा ग्राउंडर, जमिनीवरून जाणारा फटका, मारलाय. बाकावरची पोरं हेल्मेट शोधायला लागलीत. आणि बॉल ग्लव्हच्या खालून निघून जातो. पुढच्या फटक्याला थ्रो फर्स्ट बेस सांभाळणाऱ्या फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून. बघता बघता चार रन. सामना संपल्यावर कोच म्हणतात ‘लक्ष नव्हतं’, पोरं म्हणतात ‘ग्राउंड खराब होतं’, आणि पुढच्या सामन्यात मागचे पाढे पंचावन्न.

मी गेली काही वर्षं आमच्या जिल्ह्याच्या ज्युनियर मुलांच्या संघाबरोबर आहे. आधी असिस्टंट होतो, आता कोच आहे. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक मी स्वतः करून बसलोय. तुमच्याही संघाचं इनफिल्ड, म्हणजे बेसजवळचे फिल्डर, असंच गळत असेल, तर मी ज्या क्रमाने शोधत गेलो त्याच क्रमाने शोधा. क्रम उलटा केला की काय होतं तेही पुढे येईलच.

आधी वही

स्कोअरबुकात शॉर्टस्टॉपचा नंबर ६, म्हणून त्याची चूक, म्हणजे एरर, ‘ई-६’. या नोंदीवरून कोण चुकलं ते कळतं, काय चुकलं ते कळत नाही. मी शाळेच्या साध्या वहीत पाच रकाने आखले: उचलताना, फेकताना, घेताना, पोचलाच नाही, आणि ठरवताना. प्रत्येक सुटलेल्या आउटसाठी एक रेघ. बाकावर बसलेल्या राखीव खेळाडूला हे काम द्या, त्याचंही खेळावर लक्ष राहतं.

‘घेताना’ म्हणजे थ्रो बरा होता, पण फर्स्ट बेसमनला तो सांभाळता आला नाही. ‘ठरवताना’ म्हणजे सेकंडवर फेकू की फर्स्टवर या घोळात दोन्ही गेलं. आणि ‘पोचलाच नाही’ हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा, कारण स्कोअरर त्याला चूक मानतच नाही. बॉल शॉर्टस्टॉपपासून दोन पावलांवरून गेला तर तो बॅटरचा हिट. म्हणजे जो मुलगा हलतच नाही त्याच्या नावावर एकही एरर लागत नाही, आणि जो धावत जाऊन ग्लव्ह लावतो आणि बॉल निसटतो त्याच्या नावावर लागतो. नुसते एरर मोजून संघ निवडलात तर खांबासारखी उभी राहणारी पोरं निवडाल. मी निवडली होती.

म्हणून एक हिशेब करा. समोरच्या संघाच्या एकूण बॅटरमधून स्ट्राइकआउट (पिचरनेच बाद केलेले), वॉक (चार वाईट बॉल मिळून फुकट बेसवर गेलेले), बॉल लागून बेसवर गेलेले आणि होम रन (कुंपणापलीकडचे फटके) वजा करा. उरले तेवढ्यांनी बॉल तुमच्या फिल्डरच्या हद्दीत मारला. त्यातल्या किती जणांना तुम्ही आउट केलं? अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये हा आकडा शंभरात साधारण ६९ ते ७० असतो. आमचा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी वही मिटली आणि चहा प्यायला गेलो.

दुसरा धक्का रकान्यांनी दिला. आम्ही महिनाभर पोरांकडून ग्राउंडर उचलून घेत होतो, आणि सगळ्यांत जास्त रेघा होत्या ‘फेकताना’खाली. त्याखालोखाल ‘घेताना’.

क्रिकेटची सवय

आपल्याकडे बेसबॉलला येणारं पोर आठवी-नववीत येतं, आणि तोपर्यंत त्याने गल्लीत हजारो वेळा क्रिकेटचा बॉल अडवलेला असतो. त्याचा फायदा आहेच. बॉलची भीती नसते, हात नरम असतात. पण चार सवयी अशा आहेत की त्या मोडल्याशिवाय इनफिल्ड उभं राहत नाही. अमेरिकेतल्या कोचिंगच्या व्हिडिओंमध्ये हे सापडणार नाही, कारण तिथल्या पोरांना हा आजारच नसतो.

पहिली सवय चालत येण्याची. क्रिकेटमध्ये बोलर धावायला लागला की फिल्डर आठ-दहा पावलं चालत आत येतो. तिथे ते बरोबर आहे. इनफिल्डमध्ये मात्र बॅटला बॉल लागतो त्या क्षणी पोर एका पायावर असतं, दुसरा पाय हवेत. बॉल डावीकडे आला तर आधी तो पाय खाली टेकायचा, मग वळायचं. तेवढ्यात बॉल गेला. उपाय असा: पिचरचा हात वर आला की एकच छोटं पाऊल, आणि बॉल होम प्लेटपाशी (बॅटर उभा असतो तिथे) पोचताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर, टाचा हलक्या. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस घेताना करतात तसं. आम्ही हे नुसत्या टाळीवर करून घेतलं, बॉलशिवाय, रोज पाच मिनिटं. ‘पोचलाच नाही’खालच्या रेघा पहिल्यांदा याने कमी झाल्या.

दुसरी सवय गुडघा टेकण्याची. लांबून आलेला फटका अडवायला क्रिकेटमध्ये आडवा गुडघा लावून भिंत करतात. बॉल थांबतो, चौका वाचतो. इथे बॉल थांबवून काही मिळत नाही. होम ते फर्स्ट बेस अंतर ९० फूट. मेजर लीगमधला उजव्या हाताचा सर्वसाधारण बॅटर ते साधारण ४.३ सेकंदांत कापतो. आपली पोरं थोडा जास्त वेळ घेतात. तेवढ्यात बॉल तुमच्यापर्यंत यायचा, तुम्ही उचलायचा, फेकायचा आणि तो तिकडे पोचायचा. गुडघा टेकवून उठायला जो वेळ जातो तोच आउट आणि सेफमधला फरक.

तिसरी: ग्लव्ह वरून खाली नेणं. बॉल टप्पे घेत येत असतो आणि पोर ग्लव्ह गुडघ्यापाशी ठेवून वाट बघतं, शेवटच्या क्षणी खाली घालतं. बॉल खालून जातो. ग्लव्ह आधीच मातीला लागलेला हवा. बॉल उसळला तर हात वर नेणं सोपं, नाही उसळला तर तो ग्लव्हमध्येच येतो. मी पोरांना सांगतो, ग्लव्हच्या बोटांना माती लागली नसेल तर सराव झाला नाही असं समजा.

चौथी सवय कळायला मला एक अख्खा हंगाम लागला. आमचे थ्रो एवढे खाली का जातात हेच समजत नव्हतं. जोर कमी म्हणावा तर तसं नाही, बॉल सणसणत जायचा, पण फर्स्ट बेसमनच्या पायाशी आपटायचा. एकदा सराव चालू असताना मी थर्ड बेसच्या मागे उभा राहून एका मुलाच्या डोळ्यांकडे बघत होतो. बॉल उचलल्यावर त्याची नजर फर्स्ट बेसमनकडे गेलीच नाही. ती गेली बेसच्या पांढऱ्या चौकोनाकडे. म्हटलं, ‘कुठे मारतोयस रे?’ तर म्हणाला, ‘सर, बेसवर.’ तो स्टंप उडवत होता! वर्षानुवर्षं डायरेक्ट हिटला टाळ्या मिळालेल्या हाताला दुसरं काय माहीत असणार? त्या दिवसापासून फर्स्ट बेसमनच्या छातीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली लावली. निशाणा फुली, बेस नाही. एवढा स्वस्त उपाय मी दुसरा केलेला नाही.

टप्पा आणि पाय

ग्राउंडरचे टप्पे तीन प्रकारचे. बॉल जमिनीवर आपटून लगेच ग्लव्हमध्ये येतो तो छोटा टप्पा, सोपा. उसळून वर जाऊन खाली यायला लागलेला बॉल म्हणजे मोठा टप्पा, तोही सोपा. मारक असतो तो मधला, म्हणजे बॉल जमिनीवरून वर चढत असताना, नडगी ते छातीच्या मध्ये कुठेतरी. तिथे हातांना अंदाज येत नाही आणि बॉल मनगटावर नाहीतर तोंडावर बसतो. मधला टप्पा आला की पोरं हातांनी झटपट काहीतरी करायला जातात. पण हा प्रश्न पायांचा आहे. एक पाऊल पुढे घातलं की तोच बॉल छोट्या टप्प्यावर मिळतो, एक पाऊल मागे घेतलं की मोठ्या. जो उभा राहतो त्याच्या वाट्याला मधला येतो.

थ्रोचंही तसंच. उजव्या हाताच्या मुलाने बॉल घेताना उजवा पाय, डावा पाय असा ताल धरायचा, बॉल पोटाशी आणत उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकायचा, डावा खांदा निशाण्याकडे, मग फेकायचं. खांदा वळला नाही तर थ्रो वाकडा जाणारच. मेजर लीगमध्ये इनफिल्डचे कोच म्हणून नाव कमावलेल्या पेरी हिल यांनी सगळी क्रिया सहा पायऱ्यांत बसवली आहे आणि त्यातली पहिली पायरी पायांची आहे. हात दुसऱ्या क्रमांकावर येतो.

मैदानाबद्दल पोरं अगदीच खोटं बोलत नाहीत. आपल्या मुरुमाच्या मैदानावर एक खडा बॉलची दिशा बदलतो. सरावाआधी दहा मिनिटं सगळ्यांनी रांगेत चालत खडे वेचायचे. आम्ही जुन्या लोखंडी पलंगाची जाळी दोरीने बांधून मोटरसायकलमागे फिरवतो, आदल्या संध्याकाळी पाणी मारून. पलंग कोणाच्या घरून आला ते विचारू नका.

चुकीच्या जागी उभा असलेला बरोबर माणूस

सगळ्यांत जड, सगळ्यांत मंद मुलाला फर्स्ट बेसवर उभं करायची पद्धत कोणी पाडली माहीत नाही. इनफिल्डमधला जवळपास प्रत्येक आउट त्याच्या ग्लव्हमध्ये संपतो. तिथे पळणारा नको, पण उत्तम झेलणारा हवाच. आमचा राखीव कॅचर (विकेटकीपरसारखा बॅटरमागे बसणारा) मी फर्स्ट बेसवर आणला, कारण मातीत आपटलेला बॉल उचलायची त्याला सवय होती. त्यामुळे ‘घेताना’चा रकाना जवळजवळ रिकामा झाला, आणि गंमत म्हणजे ‘फेकताना’चाही कमी झाला. समोरचा सांभाळून घेईल म्हटल्यावर फेकणाऱ्याचा हात मोकळा सुटतो.

माणसं हलवून काय होऊ शकतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण मेजर लीगमधला २००८ चा टॅम्पा बे रेज संघ. २००७ मध्ये ते ६६ जिंकले, ९६ हरले, आणि ९४४ रन दिले. पुढच्या हंगामात ९७ जिंकले, दिले फक्त ६७१ रन, आणि थेट वर्ल्ड सीरिज, म्हणजे अंतिम मालिका, गाठली. मधल्या काळात त्यांनी इनफिल्डची मांडणीच बदलली. शॉर्टस्टॉपला जेसन बार्टलेट आणला. थर्ड बेसवरच्या अकिनोरी इवामुराला सेकंडवर नेलं, थर्डवर नवखा इव्हान लोंगोरिया आला. फर्स्टवरच्या कार्लोस पेन्याला त्या वर्षी उत्तम फिल्डिंगचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला. बार्टलेटने अख्ख्या हंगामात एक होम रन मारला, तरी स्थानिक बेसबॉल पत्रकारांनी संघाचा सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून त्यालाच निवडलं. सगळं श्रेय इनफिल्डला देता येणार नाही. बार्टलेटबरोबर मॅट गार्झासारखा पिचरही आला होता. पण मला यात भावते ती वेगळीच गोष्ट. मॅनेजर (तिकडे मुख्य कोचला म्हणतात) जो मॅडन तेच राहिले, इनफिल्डचं काम बघणारे टॉम फोली तेच राहिले. वाईट हंगामानंतर कोचचा बळी द्यायची जी घाई असते, ती तिथे झाली नाही.

कोच मंडळी

आता आपल्या घरात बघू. आपल्याकडे जिल्हा संघाची कोच मंडळी म्हणजे बहुधा तिघं: एक क्रीडाशिक्षक, एक मॅनेजर, आणि राज्य पातळीवर खेळून आलेला एखादा दादा. निवड चाचणी होते, सात-आठ दिवसांचं शिबिर लागतं, आणि त्या सात-आठ दिवसांत तिघं मिळून एका पोराला शिकवतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. ग्राउंडर येतोय. एका बाजूने आवाज, ‘पुढे जा!’ दुसरीकडून, ‘थांब, बघून घे!’ मागून, ‘खाली बस!’ पोराने तिघांचंही ऐकलं. पुढे गेलं, थांबलं, बसलं, आणि बॉल त्याच्या बगलेतून गेला. नंतर तिघांचं एकमत झालं की पोरगा ऐकत नाही.

हा दोष कोचच्या ज्ञानाचा नव्हे, वाटणीचा आहे. आम्ही ठरवलं: इनफिल्डशी एकच माणूस बोलणार. आमच्यात तो दादा. त्याने ‘पाय’ म्हटलं की काय करायचं ते पोरांना ठाऊक असतं, आणि मी ‘पाय’ हा शब्द उच्चारायचाच नाही. मला काही दिसलं तर पाणी प्यायच्या वेळी त्याच्या कानात सांगायचं. पहिल्या आठवड्यात जीभ चावत बसावं लागलं. मुख्य कोच म्हटल्यावर गप्प राहणं जमत नाही.

मग वेळेची वाटणी. घड्याळ लावून बघा, दोन तासांच्या सरावात एका मुलाच्या ग्लव्हला किती बॉल लागतात. कोच होमवरून एकेक ग्राउंडर मारणार आणि बारा पोरं रांगेत उभी, असा सराव असेल तर आकडा लाजिरवाणा येतो. त्यापेक्षा जोड्या लावा. पाच-सहा पावलांवर समोरासमोर, गुडघ्यांवर, हाताने सरपटी बॉल टाका. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मुद्दाम मधल्या टप्प्यावर. दहा मिनिटांत प्रत्येकाच्या हाताखालून पन्नास-साठ बॉल जातात. ग्लव्ह कमी पडत असतील तर टेनिस बॉल घ्या आणि उघड्या हाताने करा, उलट जास्त चांगलं. टेनिस बॉल घट्ट पकडायला गेलं की उडतो, त्यामुळे हात आपोआप नरम होतात.

हे काही मी शोधलेलं नाही. मेजर लीगमधले नावाजलेले इनफिल्ड कोच रॉन वॉशिंग्टन यांचं सगळं काम असंच आहे: जवळून, गुडघ्यांवर, छोट्याशा सपाट ग्लव्हने, रोज. २०१५ साली ओकलंड संघाचा मार्कस सेमियन शॉर्टस्टॉपला धडपडत होता. मे महिन्यात ६३ वर्षांच्या वॉशिंग्टनना त्याच्यासाठी बोलावलं गेलं. हा माणूस त्याआधी टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर होता, २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोनदा वर्ल्ड सीरिजला संघ नेलेला. तो आता एका पोरासमोर रोज दुपारी बॉल सरपटत टाकत होता. त्या हंगामात सेमियनच्या नावावर ३५ एरर लागले, मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त. संघही ९४ सामने हरला. म्हणजे वर्षअखेर कोणी आकडे बघून निर्णय घेतला असता तर कोच आणि खेळाडू दोघेही घरी गेले असते. २०१९ मध्ये तोच सेमियन सगळेच्या सगळे १६२ सामने खेळला आणि एरर झाले १२. २०२१ मध्ये, टोरांटोकडून सेकंड बेसवर खेळताना, त्याला गोल्ड ग्लव्ह मिळाला. वॉशिंग्टन त्याआधीही ओकलंडला कोच होते. तेव्हाचा थर्ड बेसमन एरिक चावेझ याने लागोपाठ सहा गोल्ड ग्लव्ह मिळवले आणि त्यातला एक वॉशिंग्टनना देऊन टाकला.

तेव्हा सात दिवसांच्या शिबिरात फरक पडत नाही म्हणून दरवर्षी कोच बदलणाऱ्या पदाधिकाऱ्यांना काय सांगणार? मी वही दाखवतो. रकान्यांतल्या रेघा हलत असतील तर कोचला वेळ द्या, सामने हरले तरी. वर्षभर रेघा तिथल्या तिथेच असतील, किंवा कोचला वहीच ठेवायची नसेल, तर बदला. आणि एक कोच मात्र कसलीही वही न बघता बदलावा: चूक झाली की इनिंगच्या मध्येच पोराला बाहेर काढून सगळ्यांसमोर झापणारा. त्या पोराचं राहू द्या, उरलेल्या तिघांचं बघा. पुढचा बॉल आपल्याकडे येऊ नये अशी ते प्रार्थना करत असतात, पाऊल मागे पडलेलं असतं, आणि मागे पडलेल्या पावलाला मधलाच टप्पा मिळतो.

किरकोळ, पण राहून जाणारं

वर उडालेल्या बॉलसाठी हक्क कोणाचा ते आधी ठरवा. इनफिल्डमध्ये शॉर्टस्टॉपचा, आणि मागून आउटफिल्डर धावत आला तर त्याचा. ‘माझा’ एकानेच ओरडायचं. दुसऱ्याने त्याचं नाव घ्यायचं, ‘घे’ म्हणायचं नाही, कारण गोंगाटात ‘घे’ कोणालाही ऐकू येतं. समोरचा रनर सेकंड बेस चोरताना (पिचर बॉल टाकतानाच पळताना) बेस कोण कव्हर करणार ते शॉर्टस्टॉपने प्रत्येक बॅटरआधी ग्लव्हआड तोंड करून सेकंड बेसमनला दाखवायचं: तोंड मिटलेलं असेल तर मी, उघडं असेल तर तू. डबल प्लेच्या (एकाच फटक्यावर दोन आउट) मागे लागू नका. आमच्या पातळीवर पहिला आउट पक्का करणं हेच पुरेसं आहे.

जे अजून सुटलेलं नाही

थर्ड बेसच्या रेषेने हळूच घरंगळत येणारा बॉल. धावत येऊन उघड्या हाताने उचलायचा आणि त्याच धावेत, अंग वाकलेलं असताना, बाजूने फेकायचा. जमिनीवर थांबलेले बॉल रेषेत मांडून झाले, पिचरला उतरवून झालं, दादाने स्वतः करून दाखवून झालं. दहापैकी सात वेळा थ्रो अजूनही प्रेक्षकांत जातो. आमच्याकडे प्रेक्षक म्हणजे एक म्हैस आणि दोन पालक. सध्या मी थर्ड बेसमनला दोन पावलं आत उभा करतो आणि रेषेवरून जोरात गेलेला एखादा फटका सोडून देतो. कोणाला याहून बरं काही जमलं असेल तर जरूर कळवा, डिसेंबरात आमचं शिबिर आहे.